पासंग

सेलूच्या मोंढ्यात, आडत दुकानांकडे पाठ करून
आप्पांचं खोपट. पत्र्यावर पिवळ्या रंगात
'अंबादास पांचाळ, तराजू-काटे दुरुस्ती',
त्यातला 'रा' उडालेला.
आता जिकडेतिकडे बटणाचे काटे आले,
तरी बाजारच्या दिवशी भाजीवाल्या येतात,
मिरचीवाली चाँदबी येते, म्हणते,
"भाई, एक पलडा रुसलाय बघ."

युद्ध लागलं तेव्हा मी चौथ्या वर्षाला होते.
परत आले ती अर्धी डॉक्टर,
एक बॅग
आणि घरमालकीण गालिना मावशीच्या गोष्टी.

तिच्या स्वयंपाकघरात हिवाळ्यात साडेतीनलाच अंधारायचं.
बीटाचं सूप ढवळत ती सांगायची :
जुन्या काळी इकडं दोन देव होते,
एक पांढरा, एक काळा.
पंगतीत एकच वाडगा फिरायचा हातोहात,
जो तो त्यात दोघांची नावं पुटपुटायचा
आणि प्यायचा.
आशीर्वाद अन् शाप
एकाच उष्ट्या काठावरून.
"पोथी नाही राहिली त्यांची," ती म्हणायची,
"जे लिहिलं ते वैऱ्यांनीच."

हे मी आप्पांना सांगितलं चैत्रातल्या एका दुपारी.
ते कानशीनं दांडीचं टोक घासत होते,
हात थांबला नाही.
"पांढरा एका पारड्यात. काळा एका पारड्यात. बरं.
मग मधला काटा कोण?
त्याचं नाव काय म्हणली तुझी मावशी?"

म्हणाली नव्हती काहीच.
अन् आता विचारावं तर
तिचा फोन गेल्या हिवाळ्यापासून लागत नाही.

आप्पा उठले. खंडोबाच्या तसबिरीमागून
बामाची गंजकी डबी काढली.
आत शिशाचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा.

"तुझ्या वेळंला तुझी आई परभणीच्या दवाखान्यात.
पोट फाडावं लागतंय म्हणले.
कंट्रोलवाल्यानं पाच किलोचं वजन आणून ठेवलं इथं,
अन् बाजूला नोटा.
वजनाच्या बुडाला भोक असतंय, भोकात शिसं,
शिशावर सरकारचा शिक्का.
मी शिसं काढलं. लाख भरली. शिक्का उठवला हुबेहूब.
सात वर्षं साऱ्या गल्लीला
पेरभर साखर कमी.
चाँदबीला बी.
अन् तुझ्या बारशाला गल्लीत साखर वाटली कुणी?
तिनंच.
त्याच वजनाची."

बाहेर हमाल तुरीचं पोतं उतरवत होते.
मी तुकडा तळहातावर घेतला.
गार होता, लागलीच कोमट झाला.
पासंगालाही पुरत नाही, म्हणतो आपण
ज्याची किंमत नाही त्याला.
"टाकून का नाही दिलं?"
"कुठं टाकू? दुधनेत?
तिला काय कमी वजन हाय?"

पुढच्या बाजारी चाँदबीचा पलडा पुन्हा रुसला.
आप्पा डबे धुंडाळू लागले
खिळा, वायसर, चिंचोका, हलक्या बाजूला बांधायला काहीही.
मी बामाची डबी पुढं केली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं.
मग ऐरणीवर शिसं ठोकलं, चपटं केलं,
भोक पाडून तारेनं बांधलं
हलक्या पारड्याच्या पोटाखाली
अन् दांडी उचलली.
काटा इकडं गेला, तिकडं गेला,
पुन्हा इकडं.

"थांबंना की ओ भाई."
"थरथरतोय तवर खरा समज.
गप उभा राहिला की गंजला म्हणायचा."

चाँदबीला यातलं काही माहीत नाही.
असेलही.
साखर मोजताना बायकांना हाताला कळतं.
तिनं मिरच्यांच्या पाटीतून मूठभर काढून
आप्पांच्या टेबलावर ठेवल्या, पैशाऐवजी,
न तोलता.

चहा आला. ग्लास एकच होता.
मी दोन घोट घेऊन तिच्याकडं दिला.
त्याआधी ग्लासात काय पुटपुटले
ते सांगणार नाही.
नावं दोन होती. तिसऱ्यापाशी
माझी जीभ जरा अडखळली,
इकडं, तिकडं.